काचेच्या दोऱ्याची गाठ

आमच्या शाळेला सरकारनं इंटरनेट दिलं तेव्हा त्याची चावी माझ्या कमरेला होती. हे मी कुणालाही सांगतो. ऐकणारा हसला तर परत सांगतो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे लोक घरी आले आणि म्हणाले, "तात्या, शाळेतला अनुभव लिहा, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ." मी म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं, वाक्य माझं. एक जरी वाक्य हलवलं तर अंक माझ्या दारात आणू नका. मी चौथीत शाळा सोडली. तरी शाळेवर लिहायला मंडळानं मला सांगितलं, मास्तर लोकांना नाही. हे पण छापा.

माझं नाव दगा. आमच्या खानदेशात आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव असं ठेवतात, म्हणजे कुणाची नजर त्याच्यावर जात नाही. गावाकडे या नावाचं कुणाला काही वाटत नाही. पण सुरतेत बँकेत नाव सांगितलं की समोरचा चष्म्याच्या वरून बघतो. अठरा वर्षं मी पांडेसऱ्यात मागावर काढली. चार-चार माग एकटा सांभाळायचो. त्या खडखडाटात निम्मे कान गेले, तेव्हा ओळखीनं या मराठी शाळेत शिपाई म्हणून लागलो. इकडे त्याला पट्टावाळा म्हणतात. पट्टा मला कुणी दिला नाही, मी मागितलाही नाही.

बाहेरच्याला वाटतं शिपाई म्हणजे घंटा. घंटा तर कुणीही वाजवील. खरं काम म्हणजे कुठली वस्तू कुठं आहे, कशाला हात लावला तर काय तुटेल आणि कुठली गोष्ट कुणाला सांगायची नाही, हे डोक्यात ठेवणं. मुख्याध्यापक बदलतात, शिपाई बदलत नाही.

आता ते अनुदान. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे निकम बाईंनी, मला ते तीन वेळा सांगितलं तेव्हा समजलं. तुम्हाला मी एकदाच सांगतो. लहान शाळांना संगणक आणि इंटरनेट परवडत नाही. म्हणून सरकार म्हणतं, यंत्रं आम्ही देतो, लाइन आम्ही टाकून देतो, महिन्याचं बिलही आम्ही भरतो. पण काही महिन्यांनी आमचा साहेब येणार. तो दोनच गोष्टी बघणार. लाइन चालू आहे का, आणि मुलं आपल्या हातानं वापरतात का. दोन्ही बरोबर असलं तर अनुदान पुढं चालू. नसलं तर यंत्रं उचलून रांगेतल्या दुसऱ्या शाळेला.

बाई म्हणाल्या, "तात्या, पेट्या गेल्या की मागोमाग सहावी, सातवी, आठवी जाईल."

हे मात्र मला एकदाच सांगितलं आणि समजलं. लोक मुलांना गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत टाकत होते, कारण तिथं संगणक होते. आमचे वरचे तीन वर्ग रोडावले होते. वरून विचारणा झाली होती की एवढीशी मुलं आहेत तर भेस्तानच्या शाळेत का जोडत नाही. मुलगे गेले असते भेस्तानला. मुलींना हायवे ओलांडून कोण पाठवतो? त्या घरी बसल्या असत्या साड्यांवर खडे चिकटवायला. माझ्या गल्लीत तशा सात-आठ बसलेल्या आहेत. नजर चांगली असते त्यांची, चार-पाच वर्षं.

तर दहा संगणक आले. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी केली आणि बाईंनी चावी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "जपून ठेवा."

जपून ठेवा म्हटल्यावर मी जपून ठेवलं. पडद्यांवरचं प्लास्टिक मी काढू दिलं नाही. चपला बाहेर. शनिवारी एक तास वर्ग आत यायचा, मुलं हाताची घडी घालून बसायची आणि विज्ञानाचे पवार सर एकट्यानं बटणं दाबून दाखवायचे. बाकीचे दिवस कुलूप. मुलं खिडकीला नाकं लावून बघायची, त्यांना मी हाकलायचो. दसऱ्याला मी पूजा केली. मागाला आम्ही दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहायचो, नारळ फोडायचो. संगणक काय वेगळा आहे? दहाही पडद्यांना बोटं लावली, झेंडूचे हार घातले. नारळाचं पाणी एका पेटीत थोडं गेलं. ती पेटी नंतर बरेच दिवस चालली नाही, पण तिचं आधीपासूनच काहीतरी बिघडलेलं असणार असं माझं मत आहे.

इंटरनेटचा परवलीचा शब्दही माझ्याचकडे. लाइन टाकणाऱ्या हसमुखभाईनं तो चिठ्ठीवर लिहून दिला होता, मी तो कपाटात कुलपात ठेवला. समोरचा पानवाला शाळेच्या भिंतीला खुर्ची चिकटवून बसायचा आणि रोज विचारायचा, "काका, पासवर्ड?" त्याला मी काय देतो! मी पवार सरांनाही दिला नाही. म्हटलं, अर्ज आणा. सरांनी खरंच अर्ज केला, बाईंची सही आणली. मग मी कपाट उघडलं. पण चिठ्ठी हाताबाहेर देणं मला बरोबर वाटेना. इंग्रजी मला येत नाही, म्हणून लांबून बघून सांगितलं, "पहिलं अक्षर खुर्चीसारखं. दुसरं अंडं. तिसरा साप. चौथी काठी, तिला पोट आहे."

"पोट वर आहे की खाली, तात्या?"

"वर."

"डावीकडे की उजवीकडे?"

"सर, पोट कुठंही असतं, तुम्ही टाका."

तीनदा चुकल्यावर सर म्हणाले, "तात्या, रिझर्व्ह बँकेत पण एवढं नसेल." मी ते चांगल्या अर्थानं घेतलं.

हसमुखभाई मूळ सुरती, पन्नाशीचा, तोंडात मावा. लाइन टाकताना मी शिडी धरली होती. रस्त्यापलीकडच्या खांबावरून एक काळी चपटी वायर फाटकापर्यंत आणली, तिथं तीन-चार हाताचं वेटोळं राखून ठेवलं आणि पुढं भिंतीवरून वरच्या खोलीत नेली. मी विचारलं, आत तांबं आहे का?

"ना काका, आ तार नथी. अंदर काचनो दोरो छे. वाळशो मा."

म्हणजे आत काचेचा दोरा आहे, वाकवू नका. आता नीट वाचा. वाकवू नका म्हणाला. गाठ मारू नका, असं तो म्हणाला नाही. मी आजही त्याच्या तोंडावर हेच सांगतो.

मग तो दिवस. प्रार्थना संपली होती. बाई सकाळपासून मीटिंगला गेलेल्या. फाटकासमोरून कापडाचे ताके भरलेला टेम्पो निघाला, रचलेले इतके उंच की वरचा ताका आमच्या वायरीला अडकला. टेम्पोवाल्याला पत्ता नाही. मी ओरडलो, तोवर वायर ताणली आणि फाटकापाशी तुटली. एक टोक रस्त्यावर, एक भिंतीवर लोंबतंय. टेम्पो गेला.

हसमुखभाईला फोन करायला पाहिजे होता. मी केला नाही. कारण सांगतो. दोरा तुटला तर जोडायला मी दुसऱ्याला बोलवू? मागावर दिवसाला शेकड्यानं धागे तुटतात. ताण्याचा धागा तुटला की टोकं शोधायची, गाठ मारायची, फणीतून ओवायचं आणि माग चालू करायचा. सगळं चार श्वासांत. गाठ अशी बारीक पाहिजे की कापडावर बोट फिरवलं तर लागू नये. माझी गाठ बघायला मुकादम नव्या कारागिरांना घेऊन यायचा. मी स्टूल घेतलं, चाकू घेतला, वायर सोलली.

आत खरंच दोरा होता. केसासारखा. आणि हट्टी! गाठ आवळली की कट्. परत सोललं, परत कट्. दर खेपेला वीतभर वायर वाया. वेटोळं संपत आलं. माझं डोकं सटकलं. अठरा वर्षांत एका धाग्यानं मला नाही म्हटलं नव्हतं, आणि हा काचेचा कालचा दोरा मला शिकवतो? शेवटी श्वास रोखून, अगदी सैल, पाळण्यात लेकरू ठेवावं तशी गाठ ठेवली. राहिली. वायरीतली लोखंडी तार वेगळी पिळून घेतली, म्हणजे वजन तिच्यावर. वरून चिकटपट्टी. वर जाऊन बघितलं तर भिंतीवरच्या डब्यात दिवा मिचमिचत होता.

दुपारी बाईंचा फोन आला. "तात्या, साहेब उद्याच येतायत. पानवाल्यानं फोनवर सांगितलं, टेम्पोनं वायर ओढली?"

"ओढली होती. जोडली."

"जोडणी झाली?"

"झाली. सकाळीच."

"दिवा लागला का?"

"लागलाय. मिचमिच करतोय."

"हुश्श," बाई म्हणाल्या. "मग मी साहेबांना कळवते, जोडणी चालू आहे."

यात मी एक अक्षर खोटं बोललो का? तुम्हीच सांगा.

संध्याकाळी मी घरी मंडळींना सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्हले काय समजस त्यामा?" मी जेवलो आणि झोपलो. तिला मागाचं काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब अकराला हजर. बारीक अंगाचा गुजराती माणूस, काखेत फाइल, हातात स्वतःच्या पाण्याची बाटली. मराठी समजायचं त्याला, बोलायचा खिचडी. बाई त्यांना ऑफिसात बसवून वर आल्या, संगणक लावला. पडद्यावर काही येईना. त्यांनी भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं.

"तात्या, हा दिवा लाल आहे."

"मग? लाल म्हणजे लाइट आली."

"कुणी सांगितलं?"

"आमच्या लूमच्या बोर्डावर लाल दिवा लागला की लाइट आली. सगळ्या सुरतेत तसंच आहे."

बाई खुर्चीवर बसल्या. मुलांवर ओरडतात तशा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "तात्या, हिरवा पाहिजे. लाल म्हणजे बंद. कोणी जोडली वायर?"

"मी."

"कशानं?"

"गाठीनं."

पवार सरांनी हसमुखभाईला फोन लावला. तो उधन्याला होता, तासाभरात येतो म्हणाला. बाई उठल्या. "तात्या, साहेबांना तासभर शाळा दाखवा. वर आणू नका."

तासभर! शाळा सगळी मिळून दहा खोल्यांची. मी साहेबांना मुतारी दाखवली, मुलांची आणि मुलींची. टाकी दाखवली, झाकण उघडून, आत वाकायला लावून. कडुलिंब कुणी लावला ते सांगितलं. घंटा दाखवली, वाजवून दाखवली, त्यामुळे सगळे वर्ग सुटले आणि परत बसवण्यात दहा मिनिटं गेली. तेवढ्यात बाईंनी लोचो मागवला, म्हणजे इकडचा वाफवलेल्या डाळीचा मऊ नाश्ता. साहेबांनी तो उभ्या उभ्या खाल्ला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, इंटरनेट बंध छे ने?"

असं तोंडावर विचारल्यावर मला राग आला. "बंद कशाला असेल? जोडलंय. या, दाखवतो." आणि मी त्यांना फाटकापाशी नेऊन चिकटपट्टी सोडली. म्हटलं, एकदा गाठ बघितली की या माणसाचं तोंड बंद होईल.

साहेबांनी चष्मा वर केला. जवळ गेले. एवढ्यात हसमुखभाईची स्कूटर आली. त्यानं पण बघितलं. मावा थुंकला, परत बघितलं.

"आ कोणे कर्यु?"

"मी केलं."

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या गाठीचा फोटो घेतला. "बधाने मोकलुं छुं," म्हणाला. म्हणजे त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठवतो. मग त्यानं मला समजावलं की या दोऱ्यातून उजेड पळतो, तो सरळ जायला पाहिजे, दोन्ही टोकं समोरासमोर वितळवून चिकटवावी लागतात. मला पटेना. मी म्हटलं, दोरा गाठीतून जातो तर उजेडाला काय झालं? त्यानं वाद घातला नाही. खांबाकडच्या बाजूनं दोऱ्याला एक पेनासारखं यंत्र लावलं. आणि फाटकापाशी, भर उन्हात, माझी गाठ लाल पेटली. सगळा उजेड तिथंच सांडत होता. पलीकडे अंधार.

मी हरलो. पण गाठ दिसायला सुंदर होती, हे साहेब स्वतः म्हणाले.

पुढची अडचण हसमुखभाईनं सांगितली. दोऱ्याची टोकं मी इतकी चावून ठेवली होती की अजून हातभर कापावी लागणार, आणि वेटोळं तर मी कालच संपवलेलं. आता वायर भिंतीपर्यंत पुरेना. नवीन तुकडा चलथाणच्या गोडाऊनला, यायला संध्याकाळ. साहेबांनी घड्याळ बघितलं, फाइल उघडली, पेन काढलं. बाईंचा चेहरा मला बघवेना. ते पेन कागदाला लागलं की तीन वर्ग गेले, हे तिथं आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मी विचारलं, "हसमुखभाई, वायर पोचते कुठपर्यंत?"

"आ ओटला सुधी." या ओट्यापर्यंत. फाटकाच्या आत, मुलं डबा खातात तो ओटा.

"मग इथं लाव डबा. खोली मी खाली आणतो."

मी आणि पवार सर दोघांनी दोन टेबलं आणि दोन संगणक जिन्यावरून खाली आणले. हसमुखभाईनं पेटीतून एक लहान यंत्र काढलं, दोऱ्याला जोड बसवला, डबा लावला. दिवा लाल, लाल, लाल आणि मग हिरवा. मी तो हिरवा पहिल्यांदा लक्ष देऊन बघितला.

पण साहेब पडद्याकडे बघत होते. "आ प्लास्टिक? आजच आणले का?"

बाईंनी आणि पवार सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही साहेब. मी काढू दिलं नाही."

"मग मुलं वापरतात कशी?"

दुसरी अट मी विसरूनच गेलो होतो. साहेबांनी समोर दिसली त्या मुलीला बोलावलं. सहावीतली कोमल. हिला मी खिडकीवरून सगळ्यात जास्त वेळा हाकलली होती.

"बेटा, तुला येतं का हे?"

"येतं सर. पण तात्या हात लावू देत नाहीत."

"मग आलं कसं?"

"खिडकीतून."

ती बसली. बटणांवरचं प्लास्टिक दातानं फाडलं. साहेब म्हणाले, काहीपण शोधून दाखव, तुझ्या मनानं. तिनं एकेक अक्षर दाबत मराठीत लिहिलं, आणि जे आलं ते वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागल्यास लाइन तुटली आहे असे समजावे. वायरला हात न लावता कंपनीला कळवावे."

साहेब इतके हसले की बाटलीतलं पाणी नाकातून आलं. हसमुखभाई ओट्यावर बसला. बाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. मी हसलो नाही. साहेबांनी डोळे पुसले, फाइलीत लिहिलं आणि बाईंना वाचून दाखवलं. लाइन चालू आहे, विद्यार्थिनी स्वतः वापरते, अनुदान पुढं चालू ठेवावं. खाली एक ओळ माझ्यासाठी, खोलीला कुलूप नको.

त्या ओळीचा मला राग आला होता. आता येत नाही. आठवीतली पाच मुलं त्या वर्षी साहेब येण्याआधीच शाळा सोडून गेली, एकही बटण न दाबता, हाताची घडी घालून. त्यांतली एक मुलगी कधीकधी मला बाजारात भेटते, पाया पडते. तेव्हा मला जरा इकडेतिकडे बघावं लागतं.

साहेब गेले तरी संगणक ओट्यावरच होते. मुलांनी गराडा घातलेला. प्लास्टिकचे तुकडे अंगणभर उडत होते, ते मी झाडत होतो. फाटकाबाहेर जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. वर कुलपात होतं तेव्हा आमच्याकडे संगणक आहेत हे गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं. एक बाई थांबली. हातात भाजीची पिशवी, दोन मुली पदराला धरलेल्या. पदर आमच्याकडचा, बोलणं पण आमच्याकडचं.

"दादा, आठे कितवीलगून साळा शे?"

निकम बाई माझ्या मागं चार पावलांवर उभ्या होत्या. मला माहीत होतं. शाळा आठवीपर्यंत. त्यातली वरची तीन आताच कशीबशी वाचलेली.

"दहावीलगून," मी म्हटलं.

त्या बाईनं मोठ्या पोरीकडे बघितलं. मी झाडू धरून उभा. मागून पावलं जवळ आली. निकम बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. फाटक उघडलं आणि म्हणाल्या, "या ताई, आत या. नावं लिहून घेते."